मंचाला पहारा, मैदान वाऱ्यावर

तालुक्याच्या गावी मोठ्या पाहुण्याचा कार्यक्रम ठरला की सुरक्षेची चौकशी बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर येऊन थांबते: सोबत गनमॅन किती? आमदार असेल तर एखाददुसरा शिपाई, मंत्री असेल तर पायलट आणि एस्कॉर्टच्या गाड्या, सिनेमातला कलावंत असेल तर नागपूर-अमरावतीहून मागवलेले काळ्या टी-शर्टातले बाउन्सर, आणि पाहुण्याने स्वतः ठेवलेले खासगी अंगरक्षक असतील तर तेही. ही सगळी माणसे मंचाभोवती उभी राहतात. मैदानाला वाटा किती आहेत, शेजारच्या जिनिंगच्या छपरावर कोण चढले आहे, रुग्णवाहिका आत यायची झाली तर कोणत्या बाजूने येईल, असे विचारले तर आयोजक ठाणेदाराकडे बोट दाखवतात, ठाणेदार आयोजकांकडे, आणि खासगी अंगरक्षक सांगतो की आपल्याला फक्त साहेबांना सांभाळायचे आहे. हे चित्र बदलायचे असेल तर पहारेकऱ्यांची संख्या वाढवून भागणार नाही, असे माझे ठाम मत आहे. संपूर्ण मैदानाची जबाबदारी कार्यक्रमाच्या आधी, लेखी स्वरूपात, एकाच अधिकाऱ्याकडे सोपवली पाहिजे. तो अधिकारी त्या हद्दीचा ठाणेदार असला पाहिजे. आणि आयोजकांनी वा पाहुण्यांनी आणलेला प्रत्येक खासगी रक्षक त्या दिवसापुरता त्याच्या हुकमाखाली असला पाहिजे.

हा आग्रह का धरायचा, हे समजून घ्यायला दोन परदेशी घटना उपयोगी पडतात, कारण दोन्हींत साधने आपल्यापेक्षा कितीतरी अधिक होती. १३ जुलै २०२४ रोजी अमेरिकेतील बटलर या गावी डोनाल्ड ट्रम्प यांच्या सभेत गोळीबार झाला. ती जागा म्हणजे शेतकी प्रदर्शनाचे मैदान होते, आपल्याकडे बाजार समितीच्या आवारात सभा व्हावी तसे. हल्लेखोर जिच्या छपरावर चढला ती इमारत सीक्रेट सर्व्हिसने, म्हणजे तिथल्या बड्या नेत्यांचे संरक्षण करणाऱ्या यंत्रणेने, आखलेल्या सुरक्षा-कड्याच्या बाहेर राहिली होती आणि तिच्यावरची नजर स्थानिक पोलिसांवर सोपवली होती. दोन्ही यंत्रणांचे बिनतारी संदेश वेगवेगळ्या वाहिन्यांवर चालू होते. संशयित माणूस स्थानिक पोलिसांच्या आणि काही प्रेक्षकांच्याही नजरेस पडला होता, पण ती खबर मंचावरच्या पथकापर्यंत वेळेत पोहोचली नाही. ट्रम्प कानावरच्या जखमेवर बचावले. सभेला आलेला एक माणूस मात्र जागीच गेला आणि दोघे गंभीर जखमी झाले. पुढे १० सप्टेंबर २०२५ रोजी युटा राज्यातील एका विद्यापीठाच्या आवारात उजव्या विचारांचे कार्यकर्ते चार्ली कर्क यांची हत्या झाली. सुमारे तीन हजारांच्या त्या जमावासाठी विद्यापीठाचे सहा पोलीस होते आणि सोबत कर्क यांचे स्वतःचे खासगी पथक होते. गोळी आली ती जवळच्या इमारतीच्या छपरावरून. पाहुण्याजवळचे कडे पक्के होते, पण ते छप्पर कोणाच्याच वाट्याला आलेले नव्हते.

आपल्या गावांत दुरून बंदूक चालण्याची शक्यता कमी आहे, हे मान्य. पण जबाबदारीच्या दोन तुकड्यांमधली जी मोकळी जागा बटलरमध्ये होती, ती आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक कार्यक्रमात असते, आणि त्या जागेतून बंदूकच येते असे नाही. दगड येतो, शाई येते, माथेफिरू येतो, चेंगराचेंगरी येते.

सरकारी संरक्षणाची आपली चौकट कागदावर चांगली आहे. धोक्याचे मूल्यमापन गुप्तवार्ता विभाग करतो आणि त्यावरून एक्स, वाय, वाय प्लस, झेड, झेड प्लस अशा श्रेणी ठरतात. एसपीजीचे, म्हणजे विशेष संरक्षण गटाचे, कवच २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर पंतप्रधान, त्यांच्यासोबत शासकीय निवासस्थानी राहणारे कुटुंबीय आणि पद सोडल्यावर ठरावीक काळापुरते माजी पंतप्रधान यांच्यापुरतेच राहिले आहे. पंतप्रधानांच्या दौऱ्यासाठी ‘ब्लू बुक’ आणि इतर अतिमहत्त्वाच्या व्यक्तींसाठी ‘यलो बुक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमावल्या आहेत. २८ फेब्रुवारी २०२४ ला पंतप्रधान यवतमाळला आले आणि ५ ऑक्टोबर २०२४ ला पोहरादेवीला, तेव्हा हेलिपॅडपासून मंचापर्यंतच्या प्रत्येक टप्प्याची आगाऊ पाहणी झाली असणार, कारण नियमावलीच तशी आहे. माझी काळजी त्या दौऱ्यांविषयी नाही. ती त्याखालच्या थराविषयी आहे, जिथे कोणतेही पुस्तक लागू होत नाही: शंकरपटाच्या बक्षीस समारंभाला येणारा सिनेनट, झाडीपट्टीच्या नाटकाला पाहुणी म्हणून बोलावलेली मालिकेतली अभिनेत्री, सप्ताहाच्या काल्याला येणारे नामवंत कीर्तनकार, दहीहंडीचे उद्घाटक, श्रेणी नसलेला पण विरोधक भरपूर असलेला तालुक्याचा पुढारी. गर्दी इथेही हजारोंची असते. नियोजनाच्या नावाने मात्र ध्वनिक्षेपकाचा परवाना आणि ठाण्यात दिलेला एक अर्ज, एवढेच.

ही पोकळी खासगी सुरक्षेने भरून काढली आहे, आणि ती कशी भरली गेली हे एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. मागच्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या अशाच एका समारंभात मी प्रवेशद्वाराजवळ उभा होतो. बल्ल्या बांधून केलेली एकच वाट होती आणि पाहुणे, पत्रकार, बाया, लेकरे, चहाच्या किटल्या सगळे तिथूनच आत-बाहेर करत होते. वाटेच्या तोंडाशी चार धिप्पाड तरुण उभे होते, छातीवर मोठ्या अक्षरांत ‘सिक्युरिटी’. त्यांच्यापासून दहा पावलांवर एक वयस्क होमगार्ड होता. पाहुण्यांची गाडी आली तशी त्या चौघांनी हात पसरून जमाव मागे रेटायला सुरुवात केली, आणि मागे जायला जागा नव्हती, कारण मागच्या बाजूला ट्रॅक्टर उभे करून ठेवलेले होते. एक म्हातारी बल्लीवर आदळली. होमगार्ड ओरडून सांगत होता की मागे ट्रॅक्टर आहेत, रेटू नका. पण त्या तरुणांना त्याचे ऐकण्याचे काही कारण नव्हते. त्यांचा मुकादम दुसरा होता, त्यांची मजुरी दुसरीकडून येणार होती, आणि गावाचे मैदान त्यांनी त्या सकाळी पहिल्यांदा पाहिले होते. म्हातारीला फार लागले नाही. पण मैदानाची माहिती ज्याला होती त्याच्याकडे अधिकार नव्हता आणि ज्यांनी अधिकार हाती घेतला होता त्यांच्याकडे माहिती नव्हती, ही गोष्ट त्या एका क्षणात लख्ख दिसली.

कायदा याबाबत मुका नाही. खासगी सुरक्षा एजन्सी (विनियमन) अधिनियम, २००५ नुसार एजन्सीला परवाना लागतो, रक्षकाचे चारित्र्य आणि पूर्वेतिहास तपासावा लागतो, आणि त्याखालील नियमांनी १०० तासांचे वर्गातले व ६० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण सांगितले आहे. पोलिसांच्या किंवा लष्कराच्या गणवेशासारखा पोशाख खासगी रक्षकाने घातला तर त्याला आणि एजन्सीच्या मालकाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तरीही आपल्याकडच्या कार्यक्रमांत लष्करी छापाच्या कपड्यांतले ‘कमांडो’ सर्रास दिसतात, आणि व्यायामशाळेतून रोजंदारीवर उचलून आणलेल्या मुलांना १६० तास तर सोडाच, कोणी सोळा मिनिटेही काही शिकवलेले नसते. मी त्या मुलांना दोष देत नाही. कापसाला भाव नाही, भरती निघत नाही, आणि कमावलेल्या शरीराचे पाचशे-हजार रुपये मिळत असतील तर ती जाणारच. दोष आहे तो त्यांना बिनपरवाना कामाला लावणाऱ्या ठेकेदाराचा, आणि परवान्याचा कागद न मागता त्यांना मैदानावर उभे राहू देणाऱ्या यंत्रणेचा. खासगी रक्षकाला सामान्य नागरिकापेक्षा अधिक अधिकार कायद्याने दिलेला नाही. तो कोणाला मारू शकत नाही, कोणाचा मोबाइल हिसकावू शकत नाही, कोणाला डांबून ठेवू शकत नाही. आपल्या गावांतल्या किती लोकांना हे ठाऊक आहे?

इथून मी त्या मुद्द्यावर येतो, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कार्यक्रमातली सुरक्षा पाहुण्याची आणि गर्दीची अशी वेगळी करताच येत नाही. २ जुलै २०२४ रोजी हाथरसच्या सत्संगात १२१ माणसे मेली. परवानगी ८० हजारांची होती आणि लोक अडीच लाखांच्या घरात जमले होते. त्या प्रवचनकाराच्या खासगी रक्षकांनी आणि सेवेकऱ्यांनी जमावाला ढकलल्याची नोंद प्रशासनाच्या प्राथमिक अहवालात आहे. म्हणजे एका माणसाच्या संरक्षणासाठी ठेवलेली माणसेच शेकडोंच्या जिवावर उठली. २७ सप्टेंबर २०२५ रोजी तमिळनाडूतील करूर येथे अभिनेते विजय यांच्या सभेत ४१ जण गेले. लोक दुपारपासून ताटकळले होते आणि नेते पोहोचले संध्याकाळी. पाहुण्याचा उशीर ही आपल्याकडे सवयीने माफ केली जाणारी गोष्ट आहे. खरे तर तो सुरक्षेतला दोष मानला पाहिजे, कारण चार तास उन्हात उभी राहिलेली, तहानलेली गर्दी गाडी दिसताच कशी उसळते हे कोणत्याही अनुभवी जमादाराला विचारावे.

आणि ऊन हा तर आपला घरचा शत्रू. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला. तो कोकणातला एप्रिल होता. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याच्या एप्रिल-मेशी त्याची तुलना नको. तरीही २०२४ च्या लोकसभेसाठी विदर्भात १९ आणि २६ एप्रिलला मतदान झाले आणि प्रचाराच्या सभा भर उन्हात झाल्या. २४ एप्रिलला पुसदच्या सभेत बोलता बोलता नितीन गडकरी यांना भोवळ आली. केंद्रीय मंत्री, देशातल्या कडेकोट संरक्षणातल्या व्यक्तींपैकी एक, भोवती शस्त्रधारी जवान. आणि त्या दिवशी त्यांच्यावर चालून आलेला धोका असा होता की ज्याच्यापुढे बंदूक निरुपयोगी होती. मंचावर पाहुण्यांची ही गत होत असेल तर मंडपाबाहेर उभ्या असलेल्या, डोक्याला नुसता दुपट्टा गुंडाळलेल्या शेतमजुराचे काय होत असेल? सावली, पाणी, सभेची वेळ आणि आरोग्य पथक यांना सुरक्षा आराखड्यात बंदुकीइतकेच स्थान असले पाहिजे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने गर्दीच्या व्यवस्थापनाची मार्गदर्शिका २०१४ मध्येच काढली आहे. ती तालुक्यापर्यंत उतरलेली नाही.

विदर्भाला तर हे कोणी शिकवायलाच नको. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधिमंडळाच्या अधिवेशनावर गेलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात ११४ माणसे मेली, त्यांत बाया आणि लेकरे फार होती. सरकारतर्फे कोणी येईल, निवेदन घेईल, म्हणून ती दिवसभर थांबली होती. एका बाजूला बॅरिकेड, बाहेर पडायला वाट अपुरी, आणि मग लाठीमार व चेंगराचेंगरी. तो मोर्चा होता, समारंभ नव्हता, हे खरे. पण बंदोबस्ताची सगळी रचना सत्तेकडे जाणारी वाट अडवण्यासाठी असली आणि माणसांनी मागे फिरायचे कुठून याचा विचार त्या रचनेत नसला, तर काय होते, त्याचा याहून मोठा पुरावा नको. आज त्या जागेजवळच्या उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचे नाव आहे. बंदोबस्ताचा नकाशा काढणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने परतीची वाट आधी आखावी, एवढी शिकवण तरी त्यातून आपण घ्यायला हवी होती.

पाहुण्याला स्वतःची सुरक्षा नाकारण्याचा अधिकार असावा का, हा प्रश्न अवघड आहे. २० जानेवारी १९४८ ला प्रार्थनासभेजवळ स्फोट झाल्यावरही सभेला येणाऱ्यांची झडती घ्यायला गांधीजींनी नकार दिला, आणि दहा दिवसांनी जे व्हायचे ते झाले. ज्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आहे त्याच्या आसपास राहणाऱ्या माणसाला त्या नकारामागचा विचार कळतो आणि तो आदर वाटावा असाच आहे. पण २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला हार घालायला आलेल्या बाईला एक महिला पोलीस अडवत असताना राजीव गांधींनीच तिला येऊ देण्यास सांगितले, असे त्या घटनेतून वाचलेल्या त्या पोलिसाने नंतर सांगितले आहे. स्फोटात त्यांच्यासोबत डझनभराहून अधिक माणसे गेली, त्यांत बंदोबस्ताचे पोलीसही होते. स्वतःच्या जिवाचा निर्णय माणूस घेऊ शकतो. भोवतीच्या जमावाच्या जिवाचा निर्णय तो एकटा घेऊ शकत नाही. म्हणून मंचावरून उतरून गर्दीत शिरायचे की नाही, रोड शो लांबवायचा की नाही, हे त्या मैदानाच्या अधिकाऱ्याला विचारूनच ठरावे, आणि त्याने नको म्हटले तर ते पाहुण्यावर बंधनकारक असावे. केंद्रीय दलाचे संरक्षण असलेल्या व्यक्तीच्या निकट वर्तुळात ठाणेदाराने हात घालू नये. ते वर्तुळ त्या दलाचेच. त्याबाहेरचे सगळे मात्र ठाणेदाराचे.

संरक्षण हे मानाचे चिन्ह होऊन बसले आहे, ही आपली आणखी एक अडचण. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले, तेव्हा बरे वाटले होते. आज त्या दिव्याची जागा मागच्या सीटवरच्या शस्त्रधारी शिपायाने घेतली आहे, आणि ज्याला सरकारी शिपाई मिळत नाही तो खासगी ठेवतो. कार्यकर्ते समाजमाध्यमांवर श्रेणी जाहीर करतात, अभिनंदनाचे फलक लागतात. धोक्याची माहिती ही बाजारात सांगायची गोष्ट नव्हे: पंजाबात २८ मे २०२२ ला ज्यांचे संरक्षण कमी केले त्यांची नावे बाहेर फुटली आणि दुसऱ्याच दिवशी गायक सिद्धू मूसेवाला यांची हत्या झाली. कोणाला किती पहारा आहे हे ना मिरवायला हवे, ना फोडायला हवे.

गडचिरोलीची गोष्ट वेगळी आहे आणि ती या युक्तिवादात मिसळू नये. ज्या जिल्ह्यात १९९१ मध्ये तिथले पुढारी धर्मरावबाबा आत्राम यांचे नक्षलवाद्यांनी अपहरण केले, ज्या जिल्ह्यात रस्ता तपासल्याशिवाय ताफा पुढे सरकत नाही, तिथली शिस्त अनुभवातून आलेली आहे. तिच्यातली एक गोष्ट मात्र बाकीच्या जिल्ह्यांनी घ्यावी: तिथे कोणाचा शब्द अखेरचा, याबद्दल कोणाच्या मनात शंका नसते.

ठाणेदारावर एवढा भार टाकायचा तर त्याच्याकडे माणसे कुठून येणार, हा आक्षेप रास्त आहे. ग्रामीण ठाण्यात आधीच जागा रिकाम्या, त्यात मंत्र्यांचा दौरा लागला की निम्मे ठाणे बंदोबस्ताला जाते आणि त्या दिवशी चोरीची तक्रार घेऊन आलेल्या शेतकऱ्याला दुसऱ्या दिवशी यायला सांगतात. पहाटे निघालेला शिपाई डबा न उघडता संध्याकाळपर्यंत रस्त्याच्या कडेला उभा असतो. यावर उपाय गावातच आहे. गुरुकुंज मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखोंचा समुदाय जागच्या जागी स्तब्ध उभा राहतो. तो लाठीच्या धाकाने नव्हे, गुरुदेवभक्त स्वयंसेवकांनी बसवलेल्या शिस्तीमुळे. शेगावला गजानन महाराजांच्या मंदिरात हजारो सेवेकरी रांग चालवतात, आणि ‘माउली’ म्हणून हात जोडून वाट दाखवणाऱ्या सेवेकऱ्याचे भाविक ऐकतात. ही माणसे पोलीस पाटील, होमगार्ड आणि ग्रामसुरक्षा दल यांच्यासोबत प्रत्येक गावात तयार करता येतील. वाटा, पाणी, बायकांचा आणि म्हाताऱ्यांचा भाग त्यांच्याकडे द्यावा. झडती, शस्त्र आणि अटक यांना पोलिसांखेरीज कोणी हात लावू नये. मंचाजवळचा खासगी रक्षक परवानाधारक एजन्सीचाच असावा आणि त्याचे नाव आदल्या दिवशी ठाण्यात नोंदलेले असावे.

ठाणेदारावर राजकीय दबाव येईल, हेही मला माहीत आहे. आमदाराच्या वाढदिवसाच्या कार्यक्रमाला तो नाही कसा म्हणेल? म्हणूनच त्याचे मत तोंडी न राहता कागदावर यायला हवे. मैदान किती माणसांचे, वाटा कोणत्या, उंच जागा कोणत्या आणि तिथे कोण, रुग्णवाहिका कुठे, सभा किती वाजता सुरू होऊन किती वाजता संपणार, हे एका पानावरच्या नकाशात मांडून त्यावर आयोजक, एजन्सी आणि ठाणेदार अशा तिघांच्या सह्या व्हाव्यात आणि त्याची प्रत तहसीलदाराकडे जावी. सही असलेला माणूस दबावाला अधिक चांगले तोंड देतो, कारण उद्या चौकशीत तेच पान पुढे येणार असते. खर्चाचा भाग आयोजकांनी उचलावा. मोठा कलावंत आणायला लाखो रुपये मोजणाऱ्या मंडळाला सुरक्षेचे शुल्क जड वाटण्याचे कारण नाही. मात्र गावचा हरिनाम सप्ताह, झाडीपट्टीतले दंडारीचे फड, शाळेचे स्नेहसंमेलन यांना हे शुल्क लागू करू नये. त्यांच्यासाठी बीट जमादाराने एक दिवस आधी मैदान पाहून जावे आणि ट्रॅक्टर कुठे उभे करायचे ते सांगावे, इतके पुरे.